एजंटशिवाय, थेट मालकाकडून फ्लॅट घेताना

पुण्यात किंवा मुंबईत रीसेलचा फ्लॅट घ्यायचा म्हटलं की दलाली साधारण एक ते दोन टक्के जाते. ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर ही रक्कम ८० हजार ते १ लाख ६० हजारांच्या घरात जाते. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर आणखी १८ टक्के. एवढे पैसे वाचणार असतील तर थेट मालकाशीच बोलावं, असं वाटणं अगदी रास्त आहे.

पण एजंट त्या पैशांत काय करतो हे आधी पाहू. तो घरं दाखवतो, किमतीवर दोन्ही बाजूंची घासाघीस करतो आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी सगळ्यांना वेळेवर गोळा करतो. ही मेहनत खरी आहे. कागदपत्रांची कायदेशीर छाननी मात्र त्याच्या कामात सहसा नसतेच. पुढे मालकीत खोट निघाली तर कोर्टाची पायरी तुम्हालाच चढावी लागते. म्हणजे एजंट असो वा नसो, जोखीम पहिल्यापासून घेणाऱ्याच्याच डोक्यावर असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दलाली जरूर वाचवा, पण तिच्यातला एक हिस्सा मालमत्तेची कामं करणाऱ्या वकिलाला द्या. हा वकील तुमचा स्वतःचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणि एक पथ्य शेवटपर्यंत पाळा: जेवढा कागद पक्का झाला, तेवढाच पैसा हातातून सोडायचा.

मालक शोधणं तुलनेने सोपं आहे. जिथे राहायचं आहे त्या भागातल्या सोसायट्यांचे नोटीस बोर्ड, वॉचमन, तिथे राहणारे ओळखीचे लोक, रविवारच्या छोट्या जाहिराती, ऑनलाइन यादीतलं 'ओनर' हे फिल्टर. या फिल्टरमध्येही मालक म्हणून नोंद केलेले एजंट भेटतात, तेव्हा फोनवर पहिला प्रश्न "फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?" हाच विचारा. घर दाखवण्याआधी 'गेट पास' किंवा 'टोकन' म्हणून यूपीआयने पैसे मागितले तर तिथेच थांबा. घर पाहायला पैसे लागत नाहीत.

किंमत योग्य आहे का, हे एजंटशिवाय कसं कळणार? इथे महाराष्ट्रातल्या माणसाच्या हातात एक चांगलं साधन आहे आणि ते पुरेसं वापरलं जात नाही, याची मला खंत वाटते. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची मोफत सुविधा आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा मिळकत क्रमांक टाकला की त्या जागेवर नोंदलेले दस्त दिसतात. प्रत्येक दस्ताचा एक-दोन पानी गोषवारा म्हणजे इंडेक्स टू, आणि तो मराठीतच असतो. पहिल्या ओळीत विलेखाचा प्रकार: करारनामा, सेल डीड, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. मग मोबदला आणि त्याखाली बाजारभाव. मोबदला म्हणजे दोघांत ठरलेली किंमत आणि बाजारभाव म्हणजे सरकारी दराने, म्हणजे रेडी रेकनरने, निघणारी किंमत. त्यानंतर फ्लॅटचं वर्णन, क्षेत्रफळ, करून देणाऱ्याचं नाव, करून घेणाऱ्याचं नाव, दस्ताची आणि नोंदणीची तारीख, भरलेलं मुद्रांक शुल्क. त्याच इमारतीतले गेल्या दोन वर्षांतले चार-पाच इंडेक्स टू काढून वाचले तर तिथे खरोखर काय भावाने व्यवहार झाले, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. काही जुन्या दस्तांत मोबदला प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवलेला असू शकतो, पार्किंग किंवा फर्निचरमुळे फरक पडतो, हे लक्षात ठेवून वाचायचं. क्षेत्रफळ कुठे कार्पेट (भिंतींच्या आतलं) तर कुठे बिल्टअप (भिंती धरून) लिहिलेलं असतं. तुलना करताना सगळं कार्पेटवर आणा.

घर पाहताना मी एवढंच सांगेन की जमलं तर पावसाळ्यात एक चक्कर मारा, शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर नक्कीच. बाथरूमच्या मागच्या भिंती, खिडक्यांचे कोपरे, पाण्याची वेळ बघा. आणि पार्किंगचं नीट विचारा. "पार्किंग आपल्याच मालकीचं आहे" हे वाक्य फार ऐकू येतं. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नाहलचंद लालूचंद खटल्यात सांगितलं आहे. म्हणून सोसायटीने ही जागा या फ्लॅटला दिल्याचं पत्र किंवा ठराव आहे का आणि फ्लॅट विकल्यावर ती जागा नव्या सदस्याकडे जाते का, हे सेक्रेटरींना विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट, मालकी. फ्लॅट आज जो विकतोय तो त्याच्याकडे कुठून आला, त्याच्या आधीच्याकडे कुठून आला, असं करत बिल्डरपर्यंत मागे जायचं. या साखळीतला प्रत्येक करार मूळ स्वरूपात हवा, नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू सोबत हवेत. मधला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत दिलेली तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि नोंदणी कार्यालयातून काढलेली प्रमाणित प्रत लागते. ती तयार करणं विकणाऱ्याचं काम. त्यासाठी वेळ द्या, पण तोवर मोठी रक्कम देऊ नका. वकील साधारण तीस वर्षांचा सर्च घेतो, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदी तपासतो, आणि जाहीर नोटीस देऊन कुणाची हरकत आहे का ते पाहतो. घाईत ही नोटीस टाळायचा मोह होतो, तो आवरा. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड हेही त्याच फाइलमध्ये यायला हवं. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण झालं आहे का, तेही विचारा. न झालेल्या सोसायट्या खूप आहेत. तेवढ्यावरून घर नाकारायची गरज नाही, मात्र इमारत जुनी असेल आणि पुनर्विकासाची चर्चा असेल तर हा मुद्दा मोठा ठरतो.

पुण्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. आपल्याला सगळ्याच इमारतींना सोसायटी म्हणायची सवय आहे, पण अनेक इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७० खाली असतात. तिथे शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सदस्यत्वाचा दाखला, नसतंच. घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, आणि प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र अपार्टमेंट डीड असतं. ते न झालेला फ्लॅट असेल तर फक्त करारावर व्यवहार करण्याआधी वकिलाचं मत घ्या. उलट सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट उलटं करून मागची बाजू पाहा. आजवर कुणाकडून कुणाकडे हस्तांतर झालं त्याच्या नोंदी तिथे सह्यांसह असतात. करारांची साखळी आणि या नोंदी जुळल्या पाहिजेत.

सगळ्यात जास्त अडचणी वारसाहक्काने आलेल्या फ्लॅटमध्ये होतात. समजा, फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, ते गेले, नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव होतं आणि आता तोच विकतोय. सोसायटीत त्याचं नाव लागलेलं आहे, मेंटेनन्स तोच भरतो, घरात तोच राहतो. एवढं असूनही तो एकटा मालक ठरत नाही. नॉमिनेशन हे सोसायटीच्या सोयीसाठी असतं. मालकी वारसांची असते, आणि सहकार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार नॉमिनी हा तात्पुरता सदस्य धरला जातो. म्हणजे आई हयात असेल तर आई, लग्न होऊन नागपूरला किंवा इंदूरला गेलेली बहीण, धाकटा भाऊ, या सगळ्यांच्या सह्या हव्यात. एकतर सगळ्यांनी मिळून तुम्हाला विकायचं किंवा इतरांनी आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. मृत्युपत्र असेल तर ते वकिलाला दाखवा. मुंबईतल्या मालमत्तेला त्यासाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, लागतं की नाही, हेही त्यांनाच विचारा. "ताईची काही हरकत नाही हो, ती कधीच काही मागणार नाही" असं विकणारे काका कितीही प्रेमाने आणि खरेपणाने म्हणाले तरी ताईंची सही घ्याच. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, आणि सांगताना तसंच सांगा: "काका, आमची बँक मागते, वकील मागतात." समजूतदार माणूस यावर रागावत नाही.

कुलमुखत्यारपत्रावर विकणाऱ्यांबाबतही तितकीच काळजी घ्या. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केलं आहे. मुलगा अमेरिकेत आणि त्याच्या वतीने वडील सही करणार, असा व्यवहार चालतो. पण मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा, ते तिथल्या वकिलातीत किंवा नोटरीपुढे रीतसर झालेलं असावं, इथे त्यावर मुद्रांक लागलेला असावा. मूळ मालकाशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या. मालक हयात नसेल तर ते मुखत्यारपत्र संपलेलं असतं.

नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर, म्हाडाच्या घरात किंवा कलेक्टरने दिलेल्या जमिनीवरच्या सोसायटीत घर घेत असाल तर त्या-त्या यंत्रणेची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं. म्हाडाच्या सोडतीतल्या घरांना पाच वर्षं विकता न येण्याची अट असते. ही परवानगी कोण आणणार आणि शुल्क कोण भरणार, हे किंमत ठरतानाच बोला.

विकणाऱ्याचं गृहकर्ज चालू असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, घाबरायचं कारण नाही. २०१३ पासून महाराष्ट्रात मूळ कागद बँकेत गहाण ठेवल्याची सूचना नोंदणी कार्यालयाला द्यावी लागते, तीही ई-सर्चमध्ये सापडू शकते. सरसाई या केंद्रीय नोंदवहीतही थोड्या शुल्कात शोध घेता येतो. तरी सर्वात खात्रीचा कागद म्हणजे विकणाऱ्याच्या बँकेने दिलेलं पत्र: आज किती कर्ज बाकी आहे, कोणत्या खात्यात भरायचं आहे आणि बँकेकडे कोणकोणते मूळ कागद आहेत त्याची यादी.

सगळं मनासारखं दिसलं की विसारपावती करायची, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम (विसार) देऊन ठरलेलं लिहून घ्यायचं. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरची दोन पानं पुरतात, पण त्यात नेमकं काय लिहिलंय यावर पुढचे तीन महिने अवलंबून असतात. एकूण किंमत, विसाराची रक्कम, साठेखत (पुढे विकण्याचा नोंदणीकृत करार) कधीपर्यंत, ताबा कधी, घरातलं काय-काय राहणार (पंखे, मॉड्युलर किचन, गीझर, एसी, एकेक नाव लिहून), सोसायटीची आणि मिळकतकराची थकबाकी कुणी भरायची. आणि दोन अटी अजिबात सोडू नका: मालकीत दोष निघाला किंवा तुमच्या बँकेने या फ्लॅटवर कर्ज नाकारलं तर विसार पूर्ण परत मिळेल. या दोन ओळी नसलेली विसारपावती मी कुणालाही सही करू देणार नाही. विसार छोटाच ठेवा, लाखभर पुरे. तोही बँकेतून द्या. मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय रोख दिलेली रक्कम करारात दिसत नाही, त्यामुळे बँक ती धरत नाही आणि पुढे तुम्ही घर विकाल तेव्हा भांडवली नफ्याच्या हिशेबातही ती येत नाही.

आता पैसा कसा फिरतो ते एका उदाहरणाने पाहू. पुणे महापालिका हद्दीतला फ्लॅट, किंमत ८० लाख. तुमचं कर्ज ६० लाख, स्वतःचे २० लाख. विकणाऱ्याचं कर्ज बाकी २२ लाख. यावर मुद्रांक शुल्क सध्या ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. घेणाऱ्या सगळ्या स्त्रिया असतील तर एक टक्का सवलत, म्हणजे ४ लाख ८० हजार. मुंबईत हे दर सहा आणि पाच टक्के आहेत. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. रेडी रेकनरची किंमत तुमच्या किमतीपेक्षा जास्त निघाली तर मुद्रांक त्या जास्त किमतीवर लागतो. आणि तो फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर फरकाची रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरून तिच्यावर आयकरही लागू शकतो. म्हणून स्वस्त मिळणाऱ्या घराचा रेकनर आधी काढा. मुद्रांक आणि नोंदणीचे जवळपास सहा लाख बँक सहसा कर्जात धरत नाही. ते वेगळे हाताशी हवेत.

पन्नास लाख किंवा त्याहून जास्तीच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावे सरकारला भरायचा कर, घेणाऱ्याने किमतीतून कापायचा असतो. तो पन्नासच्या वरच्या रकमेवर नसतो, पूर्ण रकमेवर असतो. इथे ८० हजार. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत आयकराच्या संकेतस्थळावर चलन भरायचं आणि विकणाऱ्याला प्रमाणपत्र द्यायचं. पती-पत्नी दोघं विकत असतील आणि तुम्हीही दोघं घेत असाल तर प्रत्येक जोडीचं वेगळं चलन होतं. विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर हाच टीडीएस वीस टक्के होऊ शकतो, म्हणून पॅनची स्थिती विसाराआधीच तपासा. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर नियम पूर्ण बदलतात. पन्नास लाखांची मर्यादा लागू होत नाही, आणि दीर्घकालीन नफ्याचा साडेबारा टक्के दर, अधिभार आणि उपकर धरून मोठी रक्कम कापावी लागते. विकणाऱ्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला तरच ती कमी होते. कमी कापलं तर वसुली तुमच्याकडून होते. परदेशात स्थायिक झालेल्या मुलांचे पुण्यातले फ्लॅट आज इतके विक्रीला आहेत की हा मुद्दा पहिल्या भेटीतच विचारावा. सही करणारे आई-वडील इथे राहत असले तरी मालक मुलगा असेल तर हिशेब मुलाचाच धरायचा.

क्रम असा ठेवा. विसाराचा एक लाख गेला. वकिलाचा अहवाल आला, बँकेने कर्ज मंजूर केलं. मग साठेखताची नोंदणी. त्या वेळी तुमच्या वाट्याचे उरलेले १८ लाख २० हजार (टीडीएसचे ८० हजार वजा करून) विकणाऱ्याच्या बचत खात्यात न देता, शक्य असेल तर थेट त्याच्या कर्ज खात्यात भरा आणि ही गोष्ट करारात लिहा. उरलेले ३ लाख ८० हजार तुमची बँक थेट त्याच्या बँकेला देते, कर्ज बंद होतं. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत देणं बँकांना बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. कागद तुमच्या बँकेकडे आले की उरलेले ५६ लाख २० हजार विकणाऱ्याला मिळतात, त्याच दिवशी खरेदीखत, म्हणजे मालकी तुमच्या नावावर करणारा अंतिम दस्त (सेल डीड), आणि ताबा. ताबा देण्याचं कलम असलेल्या साठेखतावर महाराष्ट्रात पूर्ण मुद्रांक भरावा लागतो, त्यामुळे खरेदीखताच्या वेळी तो पुन्हा पूर्ण भरावा लागत नाही. काही जण साठेखतावरच थांबतात. तुम्ही थांबू नका, खरेदीखत करून घ्याच.

नोंदणीच्या दिवसाचं एजंटने केलेलं काम तुम्हाला करावं लागेल, ते असं: मुद्रांक आणि फीचं ई-चलन आधी भरलेलं, दस्ताची माहिती ऑनलाइन भरून घेतलेली, दुय्यम निबंधक कार्यालयात वेळ घेतलेली, दोन ओळखदार साक्षीदार, सगळ्यांचे मूळ आधार आणि पॅन. खिडकीवर फोटो आणि अंगठा होण्याआधी संगणकातली नावं, फ्लॅट क्रमांक, सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ वाचायला मिळतं. गर्दी असते, मागचे लोक कुरकुर करतात, तरी शांतपणे एकेक अक्षर वाचा. तिथे चुकलेलं नाव दुरुस्त करायला पुढे सगळ्या पक्षकारांना गोळा करून चूक दुरुस्ती पत्राचा वेगळा दस्त नोंदवावा लागतो. सही केलेला दस्त चार महिन्यांत नोंदणीला सादर करता येतो, पण तेवढी वाट पाहण्यात काही हशील नाही.

सोसायटीच्या नाहरकतीवरून बरेचदा वाद होतात. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, हस्तांतरासाठी सोसायटीची एनओसी लागत नाही. बँका मात्र ती मागतात, त्यामुळे विकणाऱ्याला अर्ज करायला सांगा आणि त्यात थकबाकी नसल्याचं लिहून घ्या. महापालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या सदस्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, पंचवीस हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. काही ठिकाणी 'डोनेशन' किंवा 'विकास निधी' म्हणून लाखभर मागतात, तेव्हा हा नियम दाखवा आणि मागणी लेखी द्यायला सांगा.

ताबा घेताना वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो, गॅसचं शेवटचं बिल आणि सगळ्या चाव्या घ्या. मग महावितरणकडे नाव बदला, शेअर सर्टिफिकेटच्या मागे तुमची नोंद करून घ्या आणि महापालिकेत मिळकतकराला नाव लावा. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. नाव लावतानाच तिचा पीटी-३ अर्ज भरा आणि पुढचं बिल आलं की सवलत लागली आहे का ते पाहा.